फोन कपाटात, गृहपाठ वहीत

माझी थोरली बहीण विट्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आठवीपर्यंतची शाळा. मध्यंतरी पालकसभेत मोबाईलचा विषय निघाला आणि एक पालक उठून म्हणाले, "बाई, तुमची बहीण हॉलंडला असते न्हवं? तिकडं शाळेत मोबाईलला बंदी हाय म्हणं. मग आपल्यातच का न्हाई?" त्या रात्री ताईने मला फोन केला. "तिकडं नक्की काय केलंय ते सांग. टीव्हीवर सांगतात तसं नको."

मी आइंडहोवनला राहते. बंदी आली तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता, माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षात. त्यामुळे बंदीआधीची शाळाही मी पाहिली आहे आणि नंतरचीही. आधी शाळेत शिक्षकांना भेटायला गेले की मधल्या सुट्टीत मोठ्या हॉलमधून जावं लागे. शंभरेक मुलं बसलेली असायची आणि हॉल शांत असायचा. ती शांतता मला कधीच बरी वाटली नाही. एवढी पोरं एका जागी असताना आवाज नको? आता त्याच हॉलमध्ये पत्त्यांचे डाव पडतात, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती रांग लागते. शाळेची देखभाल बघणारे गृहस्थ मला म्हणाले की आता पुन्हा भांडणं सोडवावी लागतात. ते आनंदाने सांगत होते आणि मला त्यांचा आनंद कळला.

आता 'नक्की काय केलं' ते सांगते. इथे बंदीचा कायदा झाला नाही. जुलै २०२३ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री रॉबर्ट डाइकग्राफ यांनी जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात फोन नको. पण हा निर्णय शाळा, शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्या संघटनांशी बसून केलेला करार होता, आणि बारीक नियम प्रत्येक शाळेने स्वतःचे ठरवायचे होते. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून प्राथमिक शाळाही त्यात आल्या. धड्यासाठीच फोन लागणार असेल, किंवा एखाद्या मुलाचं श्रवणयंत्र फोनला जोडलेलं असेल, तर सवलत आहे. बऱ्याच शाळांत मुलांच्या तोंडी एक यमक बसलं आहे, 'टाऊस ऑफ इन दे क्लाऊस'. म्हणजे घरी, नाहीतर कपाटात. प्रत्येक मुलाला किल्लीचं छोटं कपाट असतं, सकाळी फोन त्यात जातो आणि शाळा सुटल्यावर बाहेर येतो.

पण ताईला सांगण्यासारखी गोष्ट कपाटाची नव्हतीच. मुलाच्या शाळेत सल्लागार परिषद आहे. कायद्याने प्रत्येक शाळेत असते, माध्यमिक शाळेत तिचे अर्धे सदस्य कर्मचारी आणि उरलेल्या अर्ध्यांत पालक आणि विद्यार्थी. नियम लागू व्हायच्या आधी तिथे जी चर्चा झाली, तिचा वृत्तांत सगळ्या पालकांना आला होता. मला वाटलं होतं मुलांना शिस्त कशी लावायची यावर पानं भरली असतील. बहुतेक पानं शाळेबद्दलच होती. तासिकांचं वेळापत्रक फोनवरच्या अॅपमध्ये. एखादे शिक्षक आले नाहीत, तास रद्द झाला, खोली बदलली, तर तेही अॅपमध्येच. मग फोन कपाटात ठेवून मुलाला कसं कळणार कुठे जायचं? विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी हाच मुद्दा लावून धरला: तुम्हीच आम्हाला दिवसातून दहा वेळा फोन बघायला लावता. शाळेला ते मान्य करावं लागलं. आधी दोन मजल्यांवर मोठे पडदे लागले, त्यावर वेळापत्रक दिसू लागलं. घरच्यांचा निरोप असेल तर कचेरीत फोन करायचा आणि कचेरीने तो वर्गात पोचवायचा, असं ठरलं. मगच मुलांना फोन ठेवायला सांगितलं.

या निरोपाच्या व्यवस्थेवर माझा विश्वास नव्हता. मुलगा सायकलने जातो, इकडचा पाऊस आडवा येतो, मनात नाही नाही ते येतं. गेल्या हिवाळ्यात मला अचानक दवाखान्यात जावं लागलं तेव्हा कचेरीत फोन केला. दहा मिनिटांत मुलाने तिथल्याच फोनवरून मला फोन केला. त्यानंतर माझी धास्ती गेली.

फायदा झाला का? २०२५ च्या उन्हाळ्यात कोनस्टाम इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा अहवाल आला. ३१७ माध्यमिक शाळांना विचारलं होतं. सुमारे तीन चतुर्थांश शाळा म्हणाल्या, मुलांचं लक्ष लागतं. ५९ टक्के म्हणाल्या, शाळेतलं वातावरण सुधारलं. निकाल सुधारला असं म्हणणाऱ्या मात्र २८ टक्केच. आणि हे सगळं शाळांनी स्वतः सांगितलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. 'बंदी आली आणि मार्क वाढले' असं कोणी सभेत सांगत असेल तर त्याला थांबवा, असं मी ताईला म्हटलं. शिवाय पळवाटा आहेतच. शाळेनेच दिलेल्या लॅपटॉपवर मुलं एकच ऑनलाइन कागद उघडून त्यात एकमेकांना निरोप लिहितात, हे मला माझ्याच मुलाने सांगितलं. आणि तीन वाजता कपाट उघडलं की पुढची संध्याकाळ ज्याच्या त्याच्या घरची. तिथे मीही अजून झगडतेच आहे.

तरीही मी या नियमाच्या बाजूची आहे, मनापासून. दिवसातले सहा-सात तास मुलाला फोनमधून कोणी बोलावत नाही, कोणी काही दाखवत नाही, कोणी त्याला हसत नाही. तेवढा वेळ तो फक्त समोर असलेल्या माणसांत असतो.

आता आपल्याकडचं. ताईच्या शाळेत फोन दप्तरातून आणणारी मुलं चार-पाच असतील. तरीही सातवी-आठवीतलं जवळजवळ प्रत्येक मूल संध्याकाळी फोन मागतं, आणि पालकांना नाही म्हणता येत नाही. कारण गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येतो. सूचना व्हॉट्सअॅपवर, स्पर्धेचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून आपणच घरोघरी फोन घ्यायला लावले. ताईच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी त्यासाठी दोन शेळ्या विकल्या. शाळा उघडल्या, पण गृहपाठ काही फळ्यावर परत आला नाही. आणि आता त्याच बापाला आपण सभेत विचारतो, पोरीच्या हातात फोन का देता?

'असर' म्हणजे खेड्यांतल्या शिक्षणाची देशभरातली पाहणी. तिच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांचे आकडे आहेत. ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. मला हे आकडे वाचून मुलांचा राग आला नाही. अभ्यासाच्या दारातून फोन आत आला आणि बाकीचं त्याच दारातून मागोमाग आलं.

शिक्षकांचंही तेच. आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कारकून नसतो, गुरुजींचा फोन हाच शाळेचा फोन. पोषण आहाराची नोंद त्यावर, वरून आलेली माहिती त्यावर, फोटो काढून पाठवायचे ते त्यावर. तास चालू असताना 'ताबडतोब पाठवा' असा निरोप येतो आणि ताई मुलांना पाढे लिहायला लावून फोन घेऊन दारात उभी राहते. आंध्र प्रदेशाने ऑगस्ट २०२३ मध्ये वर्गात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांच्या फोनलाही मनाई केली. ते योग्यच वाटतं, पण मग वरून येणारे निरोपही शाळेच्या वेळात थांबायला हवेत. ते कोण थांबवणार?

म्हणून 'तिकडे बंदी आहे' हे वाक्य मला अपुरं वाटतं. तिकडून आणायचंच असेल तर क्रम आणावा. आधी शाळेने फोनवाचून चालायला शिकायचं, मग मुलांना सांगायचं.

खरं तर त्यासाठी हॉलंडपर्यंत यायचीही गरज नाही. ताईच्या शेजारच्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाईल आणि टीव्ही बंद होतात. मोठ्यांचेसुद्धा. सुरुवातीला लोकांनी दारोदार फिरून समजावलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानेही ठराव केला, अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. तळमळ दोन्हीकडे खरी आहे. पण मला वडगावचा भोंगा जास्त पटतो, कारण तो बापालाही ऐकू येतो.

आणि मुलींचं काय? 'असर'च्याच आकड्यांत, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आहेत, मुली २७. बंदीचा ठराव झाला की घराघरात आधी कोणाचा फोन काढून घेतला जाईल, हे मला सांगायला नको. माझी भाची अकरावीला आहे, रोज एसटीने विट्याला जाते. एसटी चुकली, अंधार पडला, तर तिच्याजवळ फोन असायलाच हवा. शाळा-कॉलेजात तो कपाटात जावा, पण रस्त्यावर तिच्याजवळ असावा. २०२५ च्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयानेही सरसकट बंदी नाकारली आणि शक्य असेल तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत अशी दिशा दिली. आता जमा करायचा तर कपाट हवं, कुलूप हवं, आणि हप्त्यावर घेतलेला फोन हरवला तर जबाबदारी कोणाची ते आधी लिहून ठेवायला हवं. हे प्रश्न साधे दिसतात, पण पहिल्याच महिन्यात नियम यांच्यावरच अडतो.

हे सगळं कोणी ठरवायचं? मंत्रालयातून एक परिपत्रक आलं तर ते भिंतीवर लागेल एवढंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्या शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. इथल्या परिषदेत पालकांना एवढ्या जागा नाहीत. मी ताईला म्हटलं, हा विषय समितीत घे, आणि पहिला प्रश्न मुलांचा नको, शाळेचा घे. व्हॉट्सअॅपच्या गटावर नक्की काय काय टाकतो आपण? त्यातलं फळ्यावर काय लिहिता येईल?

तिने तो घेतला. समितीतल्या बायकांनीच ठरवलं की गृहपाठ वर्गात सांगायचा, मुलांनी वहीत उतरवायचा, गटावर फक्त सुट्टी आणि आजारपण. फोन जमा करण्याचा मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला आहे, कपाटाला पैसे कुठून आणायचे म्हणून.

पहिल्या दिवशी रात्री आठनंतर ताईला सहा घरांतून फोन आले. सगळ्यांचा एकच प्रश्न, "बाई, आज अजून अभ्यास आला न्हाई?" ती प्रत्येकाला सांगत होती, वही उघडून बघा.