वजाबाकीनंतर उरलेलं खरं कशावरून?

ग्रह ताऱ्यासमोरून गेला (याला अधिक्रमण म्हणतात) की ताऱ्याचं तेज किंचित उतरतं आणि तेजाच्या आलेखात खाच पडते; दूरचे ग्रह अशा खाचांवरून शोधतात. तुमचा आक्षेप असा : ताऱ्याच्या तेजातले स्वतःचे चढउतार काढायचे, माहीत असलेले ग्रह काढायचे आणि उरलेल्यात नवा ग्रह ‘सापडला’ म्हणायचं, म्हणजे हवं ते काढून दाखवणंच झालं. शंका रास्त आहे. वजाबाकी चुकली की बाकीत भुतं दिसतात, आणि ती कुठून येतात तेही ठाऊक आहे.

केपलर-९० हा तारा घ्या. केपलर या अवकाश दुर्बिणीने त्याचं तेज चार वर्षं मोजलं, साधारण दर २९.४ मिनिटांना एक नोंद. सात ग्रह माहीत होते; १४.४ दिवसांत फेरी मारणारा आठवा २०१७ मध्ये शॅल्यू आणि व्हँडरबर्ग या संशोधकांनी जाहीर केला. पण आधीच्या सातांपैकी ‘जी’ हा ग्रह वेळ पाळत नाही. शेजाऱ्याच्या ओढीने त्याचं अधिक्रमण जवळजवळ एका दिवसाने पुढेमागे होतं. ठरावीक आवर्तनकाळ धरून तो वजा केलात, तर भलत्या जागी उंचवटा येतो आणि खरी खाच तशीच राहते. प्रोग्राम तिलाच नवा ग्रह समजतो! म्हणून वजा करण्यापेक्षा झाकावं : प्रत्येक अधिक्रमणाची प्रत्यक्ष वेळ पाहून, दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून, तेवढ्या नोंदी गाळायच्या.

दुसरी अडचण उलटी, खरी खाचच पुसली जाते. पृथ्वीसारख्या ग्रहाचं सूर्यासारख्या ताऱ्यापुढचं अधिक्रमण सुमारे १३ तास चालतं आणि तेज लाखात आठ भागांनी उतरतं. चढउतार काढायला १२ तासांची सरकती मध्यका लावलीत (म्हणजे प्रत्येक क्षणाभोवतीच्या १२ तासांच्या ‘खिडकी’तल्या नोंदींची मधली किंमत वजा केलीत), तर ग्रह त्यातच वाहून जातो. खिडकी अधिक्रमणाच्या कालावधीच्या किमान तिप्पट ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. कच्च्या विदेत, सफाईच्या आधी, स्वतः खोट्या खाचा घाला. वेगवेगळ्या खोलीच्या, वेगवेगळ्या काळाच्या. त्यातल्या किती परत मिळतात ते मोजा. मग आलेख खालचा वर असा उलटा करून तोच शोध चालवा. उलट्या आलेखात ग्रहाच्या खाचा नसतातच, त्यामुळे तिथे ‘सापडलेले’ ग्रह सफाईने किंवा उपकरणाने जन्माला घातलेले. तरी सुमारे ३७२ दिवसांच्या आवर्तनाकडे संशयानेच पाहा : तो केपलरचा सूर्याभोवतीच्या फेरीचा स्वतःचा वर्षकाळ आहे, आणि दर वर्षी तारा कॅमेऱ्याच्या त्याच संवेदकावर परततो, म्हणजे संवेदकातला दोषही त्याच काळाने परत दिसतो.

या सगळ्यातून निसटतं ते अनियमित. केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याच्या २२ टक्क्यांपर्यंतच्या, वेळापत्रक नसलेल्या खाचा हौशी स्वयंसेवकांनी डोळ्यांनी हेरल्या. सफाईपूर्वीचा आलेख एकदा नुसता पाहायचा, तो यासाठी.