"जेलमध्ये निदान औषध तरी मिळतं" म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस कौंटीतल्या डायव्हर्जनवरच्या, म्हणजे मानसिक आजार असलेल्या आरोपीला जेलऐवजी उपचारांकडे वळवण्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय, "घरात बसून कैद्यांचा पुळका येणं सोपं असतं. बेड नाहीत, गुन्हे वाढतायत, आणि जेलमध्ये निदान औषध तरी मिळतं."

मतभेद असू देत हो, पण 'पुळका' काय? ओळख ना पाळख, एकदम माणसाच्या हेतूवरच घसरायचं ही कुठली पद्धत? समोरासमोर बोलला असतात का असं?

मानसिक रुग्णांसाठी हॉस्पिटलात बेड कमी आहेत हे मान्य, अगदी मान्य. ५१५० (मानसिक रुग्णाला सक्तीने दाखल करण्याचं कॅलिफोर्नियाचं कलम) लावून ७२ तास ठेवतात आणि पुढे जागाच नसली की माणूस परत रस्त्यावर. गुन्ह्यांचं नंतर कधीतरी बोलू.

पण ते औषधाचं वाक्य. आत सगळं इतकं नीट मिळत असतं तर २०१५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याला तिथल्या मानसिक उपचारांवरून आणि आत्महत्यांवरून कौंटीला समझोत्यात का बांधावं लागलं? शिवाय आत गेलं की मेडि-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्य विमा) सस्पेंड होतं, सुटल्यावर ते चालू होऊन डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत हातातल्या गोळ्या संपल्या तर परत पहिल्यापासून सगळं.

माझ्या सख्ख्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे. दुसऱ्या एका कौंटीत, दुकानात आरडाओरडा केला म्हणून त्याला उचललं, आणि आत त्याची चालू असलेली गोळी बंद करून भलतीच दिली. आम्ही फोनवर नाव, डोस, सगळं सांगतोय आणि कुणी ऐकूनच घेईना. घरी आला तेव्हा सासूबाईंना हात लावू देईना, ज्या बाईने त्याचं सगळं केलं तिला. तेव्हा औषधाचं महत्त्व मला प्लीज कुणी शिकवू नये.

आणि डायव्हर्जन म्हणजे सोडून देणं नाही हो! त्यासाठीचं १००१.३६ हे कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं २०१८ चं कलम आहे, त्यात जज उपचारांचा प्लॅन बघतो, लोकांना धोका आहे का बघतो, खून-बलात्काराला ते लागूच नाही, फेलनी (गंभीर गुन्हा) असेल तर २ वर्षांपर्यंत उपचार, आणि नीट चाललं नाही तर केस परत चालू करता येते. रँड या संशोधन संस्थेने २०२० मध्ये अंदाज काढला होता की या कौंटीच्या जेलमधल्या मानसिक रुग्णांपैकी ६१ टक्के लोक यात बसू शकतात. त्यांना राहायला घर आणि मागे लागून गोळ्या देणारा केस मॅनेजर हवाय, तिथे पैसा लावा एवढंच मी म्हणत होते. पोस्ट शेवटपर्यंत वाचली असतीत तर दिसलं असतं.

यावर काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, उत्तर देईन. परत माझ्यावर घसरलात तर कॉमेंट काढून टाकीन.