पाणमांजराच्या पिल्लाच्या पुस्तकाबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या पुस्तकांच्या दुकानाला एकच तारा देऊन लिहिले आहे की, पाच वर्षांच्या मुलाला ‘स्वतःचे स्वतः वाचता येईल’ असे पुस्तक मागितले असता आम्ही ४५० रुपयांचे, ३२ पानांचे आणि जवळजवळ शब्दच नसलेले चित्रपुस्तक आपल्या हाती दिले, ते पाच मिनिटांत संपले आणि ते परत करायला आल्यावर रोख पैसे मिळाले नाहीत.

पैशांचे आधी सांगतो. रोख परतावा न देता १५ दिवसांत पुस्तक बदलून देण्याची आमची पद्धत बिलावर छापलेली आहे आणि ती सोय आपल्यासाठी अजूनही खुली आहे. मात्र ‘मुलांच्या पुस्तकांच्या नावाखाली फसवणूक’ हे आपले शब्द मला मान्य नाहीत. ते वाचून इतर पालकही अशा पुस्तकांकडे पाठ फिरवतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्याला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, अशा मुलाला कोणाच्याही मदतीशिवाय अथपासून इतिपर्यंत वाचता येईल असे पुस्तक आपण मागितले होते, आणि विचार करूनच आम्ही हे सुचवले. गोष्ट उत्तर पॅसिफिक महासागरातील समुद्री पाणमांजराच्या पिल्लाची आहे. या प्राण्याची आई अन्नासाठी बुडी मारताना पिल्लू वाहून जाऊ नये म्हणून त्याला केल्प या लांबलचक समुद्री शेवाळात गुंडाळून ठेवते. पिल्लाच्या दाट केसांत इतकी हवा साठलेली असते की त्याने ठरवले तरी त्याला बुडी मारता येत नाही, ते नुसते तरंगत राहते. चित्रकाराने नेमके हेच धरून गोष्ट उभी केली आहे. वादळात केल्प तुटते आणि झोपलेले पिल्लू दूर वाहत जाते. त्याने आईचे ऐकले नाही म्हणून हे घडलेले नाही, त्यामुळे शेवटी त्याला कोणी उपदेशही करत नाही. मुलांच्या गोष्टींत हे फार क्वचित आढळते आणि मला या पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

पाच मिनिटांत पुस्तक संपले, याचा अर्थ पाने बहुधा मोठ्यांनी उलटली असावीत. अक्षरे दिसली नाहीत की आपण मोठी माणसे पुढे सरकतो. केल्प तुटते ते चित्र शीर्षकाच्या पानाच्याही आधी आहे, आणि ते पान बहुतेक पालक न पाहताच उलटतात. पिल्लाच्या पोटाभोवतीची हिरवी पट्टी पानागणिक आखूड होत जाते. जहाजाच्या पानावर तर पिल्लू प्रथम दिसतच नाही. नांगराच्या साखळीखाली नखाएवढे तपकिरी डोके आहे, त्यावर दुकानातली मुले आपल्या आधी बोट ठेवतात आणि मग ते तिथे कसे आले, हे सांगायला लागतात. ते सांगणे म्हणजेच या पुस्तकाचे वाचन. पुस्तकात असलेले मोजके शब्द पिल्लाच्या हाकेचे आणि अखेरीस आलेल्या आईच्या प्रत्युत्तराचे आहेत, आणि मधल्या पानांवरच्या शांततेमुळेच ते इतके भिडतात.

याचा आणखी एक उपयोग आमच्या अनुभवाचा आहे. मूल इंग्रजी माध्यमात आणि आजीला इंग्रजी येत नाही, अशा घरांत हे पुस्तक दोघांनाही सारखेच वाचता येते, आणि गोष्ट कोल्हापुरी बोलीत रंगते.

चित्रांनी गोष्ट सांगणे कोल्हापूरकरांना नवे वाटू नये. बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हे मूकपट याच शहरात घडवले. पडद्यावर मोजक्या मजकुराच्या पाट्या येत आणि बाकी सारे चित्रच सांगे. शब्द कमी म्हणून त्या गोष्टी अपुऱ्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही.

किंमत मजकुरावर ठरत नाही. जाड कागद, प्रत्येक पानावर चारही रंगांची छपाई आणि कापडी शिलाईची पक्की बांधणी यांचा खर्च मोठा असतो, शिवाय अशी पुस्तके थोड्याच प्रती छापून निघतात.

माझी एक विनंती आहे. पुस्तक बदलून घेण्यापूर्वी ते एकदा मुलाच्या हाती द्यावे, पाने त्यालाच उलटू द्यावीत आणि ‘हे काय आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘आता काय झाले?’ एवढेच विचारावे. त्यानंतरही ते नको वाटले, तर १५ दिवसांची मुदत आपल्यापुरती आणखी एक महिना वाढवून देतो. अक्षरओळखीसाठी मोठ्या टाइपातली, जोडाक्षरे टाळून लिहिलेली मराठी पुस्तके आमच्याकडे आहेत. त्यांतली तेवढ्याच किमतीची आपण निवडावीत. येताना बिल आणि शक्य असल्यास मुलालाही सोबत आणावे.

आपला,
दुकानाचा मालक