‘आयएसओ कायम १००’ : फोटो बिघडवणारा सल्ला

नागपुरातल्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो : “डीएसएलआर घेतलाय? मोड कायम एम, आयएसओ कायम १००, अ‍ॅपर्चर एफ/८, फोटो रॉमध्ये. एवढं पाळा, बाकी सगळं लॅपटॉपवर दुरुस्त होतं.” नवा कॅमेरा घेतलेली मंडळी हे मनापासून पाळतात आणि पेंचच्या व्याघ्र प्रकल्पातून हललेले, काळपट फोटो घेऊन परततात. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा. आधी शब्द समजून घेऊ : एम म्हणजे सगळे आकडे स्वतः लावायचा मोड; आयएसओ म्हणजे सेन्सरवरचा सिग्नल किती वाढवायचा त्याचा आकडा; अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान; शटर म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ; रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल.

“आयएसओ कायम १००”

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. सकाळच्या सफारीत, ऊन अजून झाडांखाली उतरलेलं नसताना, ५५-२५० लेन्स २५० मिमीला नेली की अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा मोठं उघडत नाही. त्या उजेडात आयएसओ १०० ला शटर मिळतं साधारण १/१५ सेकंद. एफ/८ चाही हट्ट धरला तर १/८. चालत्या वाघासाठी निदान १/५०० हवं. १/१५ पासून १/५०० पर्यंत पाच स्टॉप होतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे आयएसओ ३२००. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, वाघाचा पाय त्याला थांबवता येत नाही. जिप्सीचं इंजिन सुरू असेल तर त्याची थरथरही फोटोत उतरते, तेव्हा ड्रायव्हरदादांना ते बंद करायला सांगा आणि लेन्स तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवा.

आयएसओ वाढवला की फोटोत दाणे (नॉइज) येतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. दाणे मुख्यतः सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे येतात. शटर आणि अ‍ॅपर्चर तेच असेल तर प्रकाशही तेवढाच पडतो; आयएसओ फक्त त्यातून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवतो. म्हणून १०० ला काळा फोटो काढून लॅपटॉपवर पाच स्टॉप उजळला तरी दाणे टळत नाहीत. निकॉन डी५३०० किंवा डी५६०० वर दोन्ही रीतींनी निकाल जवळपास सारखा येतो. कॅननच्या १८ मेगापिक्सेलच्या ७००डी, १२००डी, १३००डी या बॉडींत मात्र उजळलेल्या सावल्यांत पट्ट्या उमटतात. थेट ३२०० ला काढलेला फोटो त्यापेक्षा स्वच्छ असतो. शिवाय स्क्रीनवर सगळं काळं दिसत असताना फोकस बसला की नाही, हे तिथल्या तिथे कळणार कसं? थोडे दाणे प्रिंटमध्ये खपून जातात, हललेला डोळा खपत नाही.

हा सल्ला खरा ठरतो तो ट्रायपॉडवर. रात्री झीरो माइलचा दगडी खांब किंवा बाहेरून दीक्षाभूमीचा स्तूप काढायचा असेल तर आयएसओ १००, एफ/८ आणि काही सेकंदांचं शटर उत्तम. स्टॅबिलायझर बंद करा आणि बोटाचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. मे महिन्यात लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दृश्य पाहण्याची सोय) सतत चालू ठेवू नका, कारण सेन्सर तापला की लांब एक्सपोजरमध्ये रंगीत ठिपके वाढतात.

“मोड कायम एम”

उजेड स्थिर असेल तिथे एम चांगला. लग्नाच्या हॉलमधल्या स्टेजवर तोच वापरावा. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे वाईट गोष्टींचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत हाच मोड दगा देतो. इतवारीच्या गल्लीतली सावली आणि चौकातलं ऊन यांत सहज तीन स्टॉपचा फरक असतो, आणि चाक फिरवेपर्यंत मारबत पुढे गेलेली असते. निकॉनवर ए मोड (भोक तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) घ्या, ऑटो आयएसओ चालू करा आणि त्याच्याच मेनूमध्ये किमान शटर १/२५० ठेवा. कॅननच्या सुरुवातीच्या बऱ्याच बॉडींत ही किमान शटरची सोय नसते. तिथे टीव्ही मोडवर (शटर तुम्ही ठरवता, भोक कॅमेरा) १/२५० लावून आयएसओ ऑटोवर सोडा.

मग तुमच्या हातात उरतं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय), आणि खरं कसब तिथेच आहे. समोरचं दृश्य मध्यम उजळ आहे असं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. काळ्या मारबतीने फ्रेम भरली की तो तिला राखाडी करतो. तिथे -१ द्या. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट तो मळकट करतो, तिथे +०.७ पासून सुरुवात करा आणि हायलाइटचा इशारा (पूर्ण पांढरा झालेला भाग दाखवणारा) लुकलुकू लागला की मागे या. एम मोडवरही हाच मीटर पाहून आकडे लावायचे असतात, त्यामुळे मोड बदलून ही चूक सुटत नाही.

“अ‍ॅपर्चर एफ/८”

भर उन्हातल्या इमारतीसाठी बरोबर : आयएसओ १००, एफ/८, १/४००. चेहऱ्यामागची गर्दी विरघळवायची असेल तर ५० मिमी एफ/१.८ लेन्स एफ/२ ते २.८ वर वापरा आणि फोकसचा बिंदू जवळच्या डोळ्यावर ठेवा.

“रॉमध्ये सगळं दुरुस्त होतं”

व्हाइट बॅलन्स पूर्ण दुरुस्त होतो, सावल्या बऱ्याच उजळतात. हललेला वाघ, चुकलेला फोकस आणि पूर्ण पांढरं जळालेलं आकाश यांतलं काहीच परत येत नाही, कारण ती माहिती फाइलमध्ये गेलेलीच नसते. फुटाळा तलावावर सूर्यास्त काढताना म्हणूनच आकाशाकडे बघून एक्सपोजर ठरवा.

संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी घरीच एक प्रयोग करावा. संध्याकाळी एका दिव्याच्या उजेडात कॅमेरा टेबलावर ठेवून एम मोडमध्ये एफ/५.६ आणि १/६० कायम ठेवा. एक रॉ फोटो आयएसओ १०० ला आणि दुसरा १६०० ला काढा. लॅपटॉपवर पहिला चार स्टॉप उजळा आणि दोन्ही शंभर टक्के मोठे करून सावल्या शेजारी शेजारी पाहा.