छाटकलमांना रोज पाणी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

छाटकलमांना, म्हणजे मुळे धरण्यासाठी मातीत खोचलेल्या काड्यांना, रोज पाणी घालू नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, जास्वंदीची काडी बाटलीतल्या पाण्यातही मुळे सोडते आणि पावसाळ्यात खोचलेली काडी महिनाभर भिजूनही जगते, तेव्हा जास्त पाण्याने कलम कुजते हा निव्वळ बागुलबुवा आहे. आपली दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

मुळे नसलेली काडी पाणी फार थोडे ओढते, पण तिच्या पानांतून बाष्प जातच राहते. पावसाळ्यात तिला तारते ती दमट हवा, आणि कुंडीत कितीही पाणी ओतले तरी ती हवा मिळत नाही. त्यासाठी पाने अर्धी कापून वरून पारदर्शक पिशवी घालावी लागते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की नेमक्या मुळे फुटण्याच्या जागी काडी गुदमरते आणि बुरशीचे फावते. बाटलीतले पाणी आपण बदलतो, शिवाय जास्वंद मुळातच सोशिक. मोगरा तसा नाही. गेल्या श्रावणात गच्चीतल्या आडोशाला मोगऱ्याच्या दोन कुंड्या होत्या. रोज पाणी मिळालेल्या कुंडीतली काडी उपटली, तर बूड काळे पडलेले, चिमटीत धरताच साल सुटून हातात आली आणि आंबूस वास आला. दुसरीत वरचा थर सुकल्यावरच पाणी घातले होते; तिथल्या काडीच्या बुडाशी पांढरट गाठ धरून दोन मुळे डोकावत होती.

एक चूक मात्र आपण अचूक पकडलीत. ‘तीन दिवसांनी एकदा’ असे मी सरसकट लिहायला नको होते. वैशाखात वाळू भरलेला लहान पेला दिवसभरातच कोरडा पडतो, तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कित्येक दिवस ओल धरते. म्हणून दिवस न मोजता पेरभर बोट खुपसून ओल पाहावी. मुळे धरल्यावर तर वरवरचा रोजचा शिडकावा नकोच. तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि मग वरची माती सुकू द्यावी, म्हणजे मुळे खाली उतरतात.

आपल्या गुलाबाच्या काड्या पालवी फुटूनही वाळल्या, असे आपण लिहिले आहे. ती पालवी बहुधा काडीतल्या साठ्यावरच फुटली असावी, आणि ती पाहून पाणी वाढवण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो. उरलेल्या काड्यांवरची पिशवी तूर्त काढू नका, वरची माती सुकेपर्यंत पाणी थांबवा आणि पंधरा दिवसांनी एखादी काडी अगदी हलके ओढून पाहा. ती अडली, तर मुळे धरली आहेत असे समजा.