अळीतून उतरवलेला माणूस

मागच्या रविवारी मला एका अळीतून खाली उतरवलं. हिरवी, फायबरची अळी, डोक्यावर दोन मिशा, त्यातली एक तुटलेली. माझं वय ४४, वजन ८४ किलो, आणि खाली एक पोरगा माइकवर सांगतोय, "काका उतरतायत, जरा वाट द्या, काका उतरतायत." ठिकाण म्हणजे पुणे-सोलापूर हायवेवरचं एक छोटं अम्युझमेंट पार्क. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही जाल, तुम्हाला बसू देतील आणि मला ते सहन होणार नाही.

तर मला रोलर कोस्टर मोजायचा नाद आहे. लोक किल्ले मोजतात, कुणी अष्टविनायक करतात, मी कोस्टर करतो. ह्या नादवाल्यांची जगभर बिरादरी आहे, अमेरिकेत तर १९७८ पासून त्यांची रीतसर संघटना आहे, आणि नियम एकच की एका कोस्टरला एक क्रेडिट, पूर्ण फेरी झाली तरच. अर्ध्यात उतरलात तर शून्य. माझी ९२ झालेली. खोपोलीचा नायट्रो आहे त्यात, ज्याला खाली फरशीच नाही, पाय अधांतरी आणि पाच वेळा माणूस उलटा. कोलकात्याच्या निक्को पार्कातला लाकडी सायक्लोन आहे. न्यू जर्सीचा 'किंगडा का' आहे, ४५६ फूट, कंपनीनं ऑनसाइट पाठवलं होतं तेव्हा तीन तास लाइनीत उभा राहून केला होता, तो २०२५च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. बायको म्हणाली बरं झालं. मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

पण खरं सांगू का, मोठ्या पार्कात मजा विकत मिळते, छोट्या पार्कात ती शोधायला लागते. पेनसिल्व्हेनियात क्नोबेल्स नावाचं एक पार्क आहे, झाडीत लपलेलं, आत जायला तिकीटच नाही, फक्त राइडचे पैसे. तिथला फिनिक्स नावाचा लाकडी कोस्टर टेक्सासात १९४७ साली बांधलेला, ते पार्क बंद पडलं तेव्हा ह्या लोकांनी तो उपसून आणला आणि १९८५ला स्वतःच्या पार्कात उभा केला. वाडा उतरवून दुसऱ्या गावी नेतात ना, तसं. तिथं माझ्याशेजारी सत्तरीचे एक आजोबा एकटेच बसले होते. प्रत्येक उतारावर दोन्ही हात वर. त्यांना कुणीही विचारलं नाही की आजोबा, तुमचं मूल कुठंय.

मला विचारलं.

झालं असं की ह्या पार्कात टोराटोरा, ब्रेकडान्स, कोलंबस (आपल्याकडे झुलत्या जहाजाला कोलंबस का म्हणतात हे त्या माणसाला कळलं असतं तर तो घरीच बसला असता) आणि एका कोपऱ्यात ही अळी. चढावर साखळी, वर एक वळण, खाली एक गोल गिरकी, मध्ये फायबरचं सफरचंद. उंची म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपेक्षा कमी. पण साखळी आहे, चढ आहे, उतारावर गाडी स्वतःच्या वजनानं पळते, म्हणजे कोस्टर आहे. म्हणजे त्र्याण्णव. त्यासाठी मी सकाळी सातला निघालो, दोन टोल भरले, १५० रुपये एन्ट्री दिली आणि अळीपाशी जाऊन ६० रुपये पुढं केले.

ऑपरेटर म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, एका हातात माइक, दुसऱ्या हातात वडापाव. म्हणाला, "मूल?"

म्हटलं, "मूल नाही, मीच."

तो म्हणाला, "मुलाशिवाय नाही बसता येणार काका." आणि पाटीकडे बोट. पाटीवर लिहिलेलं, 'पालकांशिवाय लहान मुलांना प्रवेश नाही.' मी दोनदा वाचलं. म्हटलं अरे, ह्याचा अर्थ मुलाला पालक पाहिजे, पालकाला मूल पाहिजे असा नाही होत. तो म्हणाला, "तेच की." म्हटलं, तेच नाही, उलटं आहे. तो म्हणाला, "उलटंसुलटं काय नाय काका, सरांनी सांगितलंय."

मग मी इतिहासात शिरलो, जे मी कधीच करायला नको. म्हटलं, १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंडला थॉम्पसन नावाच्या माणसानं असा कोस्टर पहिल्यांदा पाच सेंट घेऊन चालवला, त्याचा स्पीड ह्या अळीएवढाच होता, ताशी दहा किलोमीटर, आणि त्यात मोठी माणसं बसायची, टोप्याबिप्या घालून. त्यानं वडापावचा घास गिळला आणि माइक चालू ठेवूनच म्हणाला, "काका, मागं लाइन लागलीय." मागं लाइन नव्हती. मागं एक आजी होत्या.

आजी सिमेंटच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसलेल्या. नऊवारी, पायात मुलाचे जुने स्पोर्टशूज, मांडीवर स्टीलचा डबा उघडा, त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बाजूला चारेक वर्षांचा नातू, त्याच्या मनगटाला आजींच्या पदराचं टोक बांधलेलं, अक्षरशः गाठ मारून. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लेकरू पायजे व्हय?" आजी म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही नाही, तसं काही नाही.

"न्हाई कसं. त्यो म्हनतोय न्हवं लेकरू पायजे. ह्यो घ्या." आणि पदराची गाठ सोडायला लागल्या.

आता मला सांगा, एकटा माणूस लहान मुलांच्या राइडपाशी घुटमळतोय म्हणून ऑपरेटरला शंका आली तर मला राग येतो, पण समजू शकतो. मी आई असतो तर मलाही आली असती. पण ही बाई ओळखपाळख नसताना मला आख्खा नातू देत होती! मीच घाबरलो. म्हटलं आजी, असं कुणाच्याही हाती पोर देऊ नये. त्या म्हणाल्या, "तुमी काय पळवून न्हेताय? अळी फिरून हितंच येती की." ह्याला काही उत्तर आहे का? माझ्याकडे तर नव्हतं.

पण द्यायच्या आधी चौकशी झाली. गाव कुठलं? म्हटलं मूळचा सोलापूरचा. मग एकदम माया. "गड्ड्याला जाता का न्हाई?" म्हटलं आजी, गड्ड्याच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यातच हा नाद लागला, होम मैदानावर, वडिलांच्या खांद्यावरून उतरून मी थेट पाळण्यातच जायचो, सिद्धेश्वराचं दर्शन नंतर. त्यांनी मान हलवली, ती पाळण्यासाठी होती का दर्शन नंतर घेतलं म्हणून, कळलं नाही. मग लग्न झालंय का. झालंय. लेकरं? एक मुलगी, चौदा वर्षांची. मग ती कुठाय? म्हटलं ती येत नाही आता. हे खरं आहे. दहा वर्षांची होईपर्यंत ती माझी पासपोर्ट होती, तिच्या जिवावर मी अकरा क्रेडिट केली, आता म्हणते बाबा प्लीज, तू जा, फोटो टाकू नकोस.

आजींनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आसू द्या. देव देतो कदी ना कदी. आमच्या दिराला लग्नाच्या सतराव्या वर्षी झालं."

म्हटलं अहो आजी, आहे मला मुलगी, खरंच आहे.

"व्हय व्हय," आजी म्हणाल्या आणि शेंगाचटणीची चिमूट माझ्या हातावर ठेवली.

मोबाइल काढून पोरीचा फोटो दाखवला. फोटोत तिनं हातानं तोंड झाकलंय, चौदा वर्षांच्या मुलींचे सगळे फोटो असेच असतात. आजींनी तो बघून परत दिला, काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं मला अजून टोचतंय.

तिकिटं दोन, १२० रुपये, मी भरली. "लेकराचं तुमीच भरा, फुकट न्हाई," हे आजींनी आधीच ठरवलं होतं. वर एक कुरकुऱ्याचं पाकीट. नातवाचं नाव सोन्या. जाताना आजींनी एकच सूचना दिली, "कुत्र्याला लई भ्येतो. बाकी कशाला न्हाई."

आम्ही बसलो. मी मुद्दाम शेवटचा डबा मागितला, कारण पुढचे डबे उतरायला लागले की शेवटच्याला माथ्यावरून ओढून नेतात, पोटात जो खड्डा पडतो तो तिथंच पडतो. ऑपरेटरला वाटलं मी वजनामुळं मागं बसतोय. "बरोबर काका, मागंच बसा तुमी," माइकवरून. गुडघे हनुवटीला टेकले. आणि आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. पोटावर जो दांडा येतो त्याची कडी तुटलेली होती आणि तो सुतळीनं बांधला होता. सुतळीनं! रुळाखालच्या पट्टीला चार बोल्ट पाहिजेत तिथं मी तीन मोजले, तिसऱ्याचा गंज बोटाला लागला. लहान पोरं बसतात ह्यात. दांडा सुतळीचा चालतो, बोल्ट नसला तरी चालतो, फक्त माझं एकट्याचं बसणं नियमात बसत नाही. सांगितलं मी त्या पोराला. म्हणाला, "रोज चेक होतं काका." कोण करतं विचारलं तर म्हणाला, "मीच की," आणि बटण दाबलं.

अळी निघाली. साखळीनं पकडलं आणि तो आवाज सुरू झाला, टक टक टक टक. जगातला माझा सगळ्यात आवडता आवाज. मग तो कोस्टर ४५६ फुटांचा नसून आमच्या टाकीएवढा का असेना, चढावर हा आवाज आला की माझ्या छातीत अजूनही सहावीतला मुलगा बसतो. आणि ह्या सुखाच्या भरात सोन्यानं विचारलं, "काका, ह्यो टकटक कशाचा?"

काय सांगायचं होतं मला? 'असाच असतो' म्हणायचं. पण नाद लागलेल्या माणसाला कुणी आपणहून प्रश्न विचारला की त्याचं डोकं जागेवर राहत नाही. मी म्हटलं, साखळी तुटली तर गाडी मागं पळायला नको ना, म्हणून डब्याच्या खाली एक लोखंडी दात असतो, तो रुळावरच्या खाचांत एकेक करत अडकत जातो, त्याचा आवाज आहे हा. त्याला इंग्लिशमध्ये डॉग म्हणतात.

सोन्या इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत जातो, हे आजींनी सांगितलं नव्हतं.

"खाली कुत्रं हाय?"

म्हटलं नाही रे, खरं कुत्रं नाही, नुसता दात.

'नुसता दात' हे ऐकून त्यानं जी किंकाळी फोडली ती मी किंगडा कावर सुद्धा ऐकलेली नाही. तो उभा राहिला. सुतळी सुटली. मी एका हातानं त्याची चड्डी धरली, दुसऱ्या हातानं डब्याची कड. पुढच्या डब्यातली पोरं पण "कुत्रं, कुत्रं" करत रडायला लागली. ऑपरेटरनं मोटर बंद केली आणि अळी चढावर, माथ्यापासून चार हात अलीकडं, थांबली. डॉगनं धरून ठेवली, हे नमूद करतो, त्या पार्कात तेवढी एकच गोष्ट नीट चालू होती.

मग चढाच्या कडेची फळी, त्यावरून सोन्याला काखोटीला मारून मी उतरलो, आणि खाली तो माइक. पुढच्या पोरांना त्यांच्या आयांनी खालूनच गप्प केलं, मोटर चालू झाली आणि माझा डबा माझ्याशिवाय माथ्यावरून गेला. बघत उभा राहिलो. छान ओढला गेला शेवटचा डबा, वाटलं होतं तसाच.

पैसे परत मागितले. "अर्धी राइड झाली की काका." मग तीस-तीस दे. "अर्ध्याचं तिकीट नसतं."

आजी आल्या. मला वाटलं आता जाहीर पूजा होणार. त्यांनी सोन्याचं नाक पदरानं पुसलं, त्याला माझ्या हातात परत दिला, डबा पण दिला आणि ऑपरेटरला म्हणाल्या, "पैसं देत न्हाईस तर मी बसते. तिकिट वाया घालवायचं व्हय?"

मी ऑपरेटरकडं बघितलं. म्हटलं, आता बोल. मूल कुठाय ह्यांचं?

तो म्हणाला, "काय काका, आजी आहेत त्या."

त्यानं त्यांना हात धरून बसवलं, पहिल्या डब्यात, दांड्याला नवी सुतळी बांधली आणि तीनच्या जागी चार फेऱ्या मारल्या, एक आजींसाठी स्पेशल, माइकवरून घोषणा करून. आजी प्रत्येक उतारावर नुसतं डोक्यावरचा पदर सावरत होत्या, चेहरा ग्रामपंचायतीच्या मीटिंगला बसल्यासारखा. उतरल्यावर म्हणाल्या, "काय न्हाई ओ त्यात. आमची बैलगाडी ह्याच्याहून पळायची." आणि डबा मागून घेतला.

ते नंतर. त्याआधी मी चार फेऱ्या कंपाउंडपाशी उभा होतो, एका हातात शेंगाचटणीचा डबा, दुसऱ्या हातात सोन्या, ज्याच्यासोबत मला आता नियमानं बसता आलं असतं, पण तो कंपाउंडाचा गज सोडायला तयार नव्हता. तो साखळीचा टकटक ऐकत होता. चौथ्यांदा आजी चढावर दिसल्या तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "काका, त्ये कुत्रं आज्जीला कसं चावत न्हाई?"

म्हटलं, तिकीट काढलंय रे त्यांचं.