डिसेंबरअखेरची गीतमाला

हिंदी सिनेगीतांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावणाऱ्या 'बिनाका गीतमाला' या रेडिओ कार्यक्रमाबद्दल एका लेखात 'ती विविध भारतीवर लागायची' असं सरसकट लिहिलंय, ते खटकलं. विविध भारतीवर ती आली १९८९ मध्ये. त्याआधी, १९५२ पासून, ती रेडिओ सिलोनची, म्हणजे श्रीलंकेतल्या केंद्राची. आकाशवाणीने सिनेसंगीताला दार बंद केलं म्हणून तर ती तिकडे फोफावली!

आम्हा भावंडांना डिसेंबरअखेरची वार्षिक गीतमाला म्हणजे सणच. मिरजेच्या घरात दादा ट्रान्झिस्टर कानाशी धरून शॉर्टवेव्हचा काटा केसभर हलवायचा, मी वहीत पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, लिहून घ्यायचे. सरताज गीताचं, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गाण्याचं, बिगुल वाजायचं आणि नेमका तेव्हाच आवाज खरखरत बुडायचा. जीव कासावीस व्हायचा अगदी. निवेदक अमीन सयानींचं 'बहनो और भाइयो' ऐकायला आईसुद्धा पोळ्या अर्ध्यावर टाकून यायची.